पेटीचं कपाळ

"ही बघा," म्हणत फडतरेने प्लग लावला. पेटीच्या पडद्यावर आधी एक रेघ आली, ती विझली आणि मग अक्षरं उमटली: तयार. "ठणठणीत आहे. इचलकरंजीची हवा मानवत नसेल तिला."

तीच पेटी पुन्हा पुन्हा आमच्याकडे येत होती. एस.टी.च्या पार्सलातून, गोणपाटात शिवून, वर निळ्या शाईत 'मेलेली' असं लिहून. पुण्यात टेबलावर ठेवली की ती जिवंत व्हायची.

"परत पाठवताना वर 'जिवंत' असं लिही," मी म्हटलं.

"आणि तिथे गेल्यावर परत मेली की?"

"मग दोष तुझ्या हार्डवेअरचा."

"वा! चिप नवी, ड्रायव्हर ताईंचा, आणि दोष मात्र माझा."

फडतरे माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान होता. बोर्ड तो आखायचा आणि त्याच्यावर चालणारे प्रोग्रॅम मी लिहायची. पर्वतीच्या पायथ्याशी एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर इनामदारांची ही लहानशी कंपनी होती. यंत्रमागाला जोडायची पेटी आम्ही बनवत होतो. साडीच्या काठाची नक्षी पेटीत साठवायची आणि मग विणताना कुठला धागा वर उचलायचा, हे पेटीने मागाला सांगायचं, असं ते काम होतं. पूर्वी त्यासाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ लागायची.

नक्षी ज्या फ्लॅश चिपमध्ये राहायची, ती चिप त्या वर्षी बाजारातून गेली. बनवणाऱ्यांनी ती बंद केली. फडतरेने दुसरी शोधली, मोठी आणि स्वस्त. पण आमच्या पेटीत लिनक्स ही कुणालाही फुकट वापरता येणारी संगणकप्रणाली होती आणि लिनक्सच्या गाभ्याला ही नवी चिप ओळखता येत नव्हती. ती ओळख करून देणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिला. फ्लॅशवर हवं ते एखादं अक्षर खोडून पुन्हा लिहिता येत नाही, अख्खा कप्पा पुसून कोरा करावा लागतो. जुनी चिप तो डोळ्याचं पातं लवेतो पुसायची. नवीला वेळ लागायचा. कामगारांना पेटी अडकली असं वाटू नये म्हणून तेवढ्यापुरता पडद्यावर मी एक शब्द दाखवत होते: थांबा. मराठीत लिहिला होता. इनामदार त्या शब्दावर खूश होते.

नव्या चिपच्या पेट्या मालेगावला गेल्या, भिवंडीला गेल्या. कुठूनच तक्रार नव्हती. तक्रार होती ती एकाच शेडची, इचलकरंजीच्या मालनताई म्हेत्र्यांची.

त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"मालनताई, पेटी इथे चालते हो," मी म्हटलं.

"हितं चालत न्हाई."

"झोपते तेव्हा नेमकं काय होतं?"

"काय हुतंय? पडदा काळा. मागचं बटण बंद करा, चालू करा, कायबी करा, उठत न्हाई." मागे मागांचा खडखडाट ऐकू येत होता. "मॅडम, एक विचारू? खरं सांगायचं पण."

"विचारा."

"दीर म्हणतोय माझा हातगुण बरा न्हाई. मी गणपतीत लेकीकडं सांगलीला गेल्ते. तेवढे दिवस त्यानं शेड बघितली. पेटी एकदा बी झोपली न्हाई. मी आले आन झोपली. आता दसऱ्याला थोरलं चुलतसासरं येणार हैत. शेडची किल्ली कुणाकडं ऱ्हायची ते तवा ठरणार." आवाज एकसारखा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "माझ्या हातातच काय असंल तर तसं सांगा. मी किल्ली देऊन टाकते. उगं पेट्या हिकडनं तिकडं पाठवत बसू नका."

"हाताचं काही नसतं, मालनताई."

"मग कशाचं असतंय?"

मी म्हटलं, "मी स्वतः येते."

फडतरेने कपाळाला हात लावला. "ताई, तुम्ही? जेवणाच्या सुट्टीत तुम्ही खाली टपरीपर्यंत जात नाही."

"तू ती पेटी बांधून दे," मी म्हणाले.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. आज पंचाहत्तरी उलटली. त्या काळातली अनेक माणसं आणि बरेचसे प्रोग्रॅम डोक्यातून गेले, पण ती शेड जशीच्या तशी आहे. मागांचा आवाज आधी कानाला लागतो, मग छातीला. तेलाचा वास. आणि हवेत सतत तरंगणारे सुताचे तंतू, जे पापण्यांवर, केसांवर, चहाच्या सायीवर येऊन बसतात.

मालनताई पंचेचाळिशीच्या असतील. अंगाने सुकलेल्या, चालायला चपळ. कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका होता, बाकी काही नाही. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. शेडमध्ये आठ माग होते, चार दिराचे, चार यांचे. दीर दिगंबर साधं कापड काढायचा. मालनताईंनी मात्र काठाच्या साड्यांचा हट्ट धरला आणि एका मागाला पेटी बसवून घेतली. ती चालली तर उरलेल्या तीन मागांना बसवायची होती.

"मॅडम आलासा, बरं झालं," दिगंबर म्हणाला. चाळिशीचा गृहस्थ, स्वच्छ पांढरा शर्ट, बोलणं गोड. "म्हंजे तुमच्या डोळ्यांनीच बघाल. मी वैनींचा काय दुश्मन न्हाई. पण एकेकाचा हात असतोय. आमची आई लोणचं घालायची, नासायचं. मावशी घालायची, वर्षभर टिकायचं. आता आईला काय कुणी वाईट म्हनलं का?"

"लोणच्याचं नाव काढू नगा भावजी," मालनताई म्हणाल्या. "सासूबाई मीठ कमी घालायच्या."

"घ्या. ऐकलंसा?" दिगंबर माझ्याकडे बघून हसला.

पहिल्या सकाळी मी पेटीसमोर स्टुलावर बसले. मालनताईंना म्हटलं, "मी इथे नाही असं समजा आणि रोज करता तसंच करा."

त्यांनी मागाला तेल दिलं, तुटलेले धागे जोडले, पेटी सुरू केली. तयार. कालचीच नक्षी पुढे चालवायची होती. माग सुरू झाला, काठावर मोर चढायला लागले. दिवसभर पेटी एकदाही अडखळली नाही. मी पुन्हा पुन्हा मेन स्विच बंद करून पाहिला. पेटीत बॅटरी होती, वीज गेली तरी नक्षीतली जागा चुकू नये म्हणून. ती आपलं काम चोख करत होती.

"तुम्ही हैसा म्हणून चालतीय," संध्याकाळी दिगंबर म्हणाला. "पुण्याचं माणूस समोर असलं की शाण्यासारखी वागतीय बघा. पोरं नाहीत का करत, पाव्हणे आल्यावर."

मला हसू आलं, पण दसरा तोंडावर होता.

मुक्काम त्यांच्याच घरी होता. नवरात्राचे दिवस, देवीपुढे घट बसलेले. तिन्हीसांजेला शेजारच्या चारपाच बायका आल्या. दिगंबरची बायको, सरोजिनी, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन एकेकीपुढे गेली. मला लावलं. मग मी तिच्या कपाळी लावलं. माझ्या शेजारी मालनताई बसल्या होत्या. करंडा त्यांच्या गुडघ्यापाशी आला आणि न थांबता पुढच्या बाईकडे गेला. सरोजिनीच्या मनातही काही नव्हतं, हात सवयीने वळला. मालनताईंनी तेवढ्यात वाती वळायला घेतल्या होत्या. बायका उठून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "भाकरी खाशीला का चपाती टाकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आम्ही दोघीच होतो. बाकीचे माग सुरू व्हायचे होते. त्या दिवशी मोर संपून कोयरीची नक्षी चढवायची होती. मालनताईंनी पेटी सुरू केली आणि बटणांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "काल तुम्ही रोजच्यातलं काहीतरी गाळलंत."

"न्हाई की."

"मालनताई, मी पुण्याहून आले आहे. उद्या मला परत जायचं आहे."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पेटीला कुंकू लावते मी. रोज. काल न्हाई लावलं."

"का?"

"तुमच्यासमोर कसं लावायचं? एक तर तुम्ही शिकलेल्या, हसाल. आन दुसरं, भावजी म्हनत्यात, मी लावते म्हणूनच झोपती."

"लावा," मी म्हटलं. "रोज जेव्हा लावता तेव्हाच, आणि जसं लावता तसंच."

मागाच्या लाकडी पट्टीमागे त्यांनी एक छोटी झाकणाची डबी ठेवली होती. ती काढून त्यांनी डाव्या हातात धरली. उजव्या हाताने कोयरी निवडली. पडद्यावर माझा शब्द आला: थांबा.

"एरवी 'तयार' आलं की लावते. आता ही थांबा म्हनती ना," मालनताई म्हणाल्या, "तवा मी लावते. नायतरी नुसतंच उभं ऱ्हायचं असतंय. आधी मागालाच लावायचे. ही आल्यापासनं हिला लावते."

त्यांनी अनामिका डबीत बुडवली आणि पेटीच्या तोंडावर, पडद्याच्या बरोबर वर, मधोमध असलेल्या गोल लाल ठिपक्यावर टेकवली. जिथे कपाळ असायला हवं तिथे.

पडदा काळा झाला.

मालनताईंचा हात तसाच हवेत राहिला. मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. तो ठिपका म्हणजे पेटी पुन्हा सुरू करायचं बटण होतं. फडतरेने बसवलेलं, मऊ रबराचं, बोटाच्या टेकण्यानेही दबणारं. पुण्यात आमच्या टेबलावरचे बोर्ड उघडे असायचे, त्यांना हे तोंडच नव्हतं. पुन्हा सुरू करायचं असलं की आम्ही प्लग उपटायचो. ते बटण आम्ही कुणीच कधी दाबलं नव्हतं.

"रोज असं होतं?" मी विचारलं.

"रोज न्हाई. रोज लावलं की डोळे मिटून परत उघडती. मला वाटायचं, घेतलं हिनं. पण कधीकधी अशी झोपती."

"नक्षी बदलता त्या दिवशी?"

त्या विचार करू लागल्या. "व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "नक्षी बदलायच्या दिवशीच."

मला सगळं दिसलं. चिप कप्पा पुसत असताना तिला काहीही विचारा, ती एकच सांगते, काम चालू आहे. बटण दाबलं की प्रोसेसर जागा होतो आणि पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते त्याच चिपला विचारतो. चिप म्हणते, काम चालू आहे. तो त्यालाच हुकूम समजून भलतीकडे जातो आणि तिथेच बसतो. चिपची वीज पूर्ण तुटली तरच ती भानावर येणार. पण बॅटरी वीज तुटू देत नाही. पार्सल करताना मात्र इथला माणूस बॅटरीची वायर काढून ठेवायचा. म्हणून ती पुण्यात जिवंत व्हायची.

मी हे सांगायला तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला.

"बघितलंसा?" दिगंबर दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. "मी कायबी बोललो न्हाई. तुमच्या डोळ्यादेखत झालं. हात लागला आन गेली."

मालनताईंनी डबीचं झाकण लावलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "बरं झालं मॅडमनी बघितलं. आता पेटीचा काय दोष न्हाई म्हणून सांगा तुमच्या सायबांना."

"थांबा," मी म्हणाले.

"वैनी, राग मानू नका," दिगंबर म्हणाला. "हे आपल्या हातात नसतंय. हितं सवाष्णीचा हात लागायला पायजे. सरोजिनीला म्हनलं तर ती शेडमध्ये यायला बघत न्हाई, तिला आवाज सोसत न्हाई." मग त्याची नजर माझ्या कपाळाकडे गेली. "मॅडम, तुम्हीच लावा की. तुम्ही सवाष्ण हैसा, देवाच्या दयेनं. तुमच्या हातनं लागू दे, आन मग बघू झोपती का चालती."

बटण, चिप, पुसणं, सगळं त्याला समजावता आलं असतं. तो मान हलवत ऐकून घेणारा माणूस होता, आणि दसऱ्याला चुलत्यांसमोर त्याने आपलंच म्हणणं सांगितलं असतं.

"लावते," मी म्हणाले.

मी पेटीचं मागचं झाकण उघडलं, बॅटरीची वायर काढली, जरा थांबून परत लावली. रेघ आली, विझली. तयार.

"उठली की," दिगंबर म्हणाला.

मी कोयरी निवडली. थांबा. मालनताईंकडे हात केला. त्यांनी डबी उघडून पुढे धरली, पण त्यांचा चेहरा असा होता की मला तिकडे बघवेना. मी अनामिका बुडवली आणि लाल ठिपक्यावर टेकवली. मालनताईंनी टेकवली तेवढीच, कमी नाही, जास्त नाही.

पडदा काळा झाला.

दिगंबर पुढे आला. त्याने पडद्यावर टिचकी मारली, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे.

"तुम्ही बटण दाबलंसा," तो म्हणाला.

"हो."

"मुद्दाम."

"त्यांनी केलं तेच केलं. तुम्ही इथेच उभे होतात."

"म्हंजे बटणाचं हाय हे?"

"बटणाचं आणि माझ्या प्रोग्रॅमचं. पुसायचं काम चालू असताना ते दाबलं गेलं, तर पेटी कशी सावरेल याचा आम्ही विचार केला नाही. हात कुणाचा, हे पेटीला कळत नाही."

"मग वैनी सांगलीला गेल्त्या तवा..."

"तेव्हा तुम्ही कुंकू लावत होता?"

"मी?" दिगंबर म्हणाला. "मला कुठली सवड."

मालनताई एकदम हसल्या. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत. दिगंबरला आधी राग आला, मग तोही ओशाळं हसला आणि "चहा सांगतो" म्हणून बाहेर गेला.

मी चौकातल्या एस.टी.डी. बूथवर जाऊन पुण्याला फोन लावला. इनामदारांनी सगळं ऐकून घेतलं. ते चांगले गृहस्थ होते, पण धंदा त्यांना एकट्याने ओढायचा होता.

"म्हणजे बोर्ड ठीक, ड्रायव्हर ठीक," ते म्हणाले. "त्या बाईंना सांगा, बटणाला हात लावू नका. एका वाक्याचं काम आहे, नलिनीताई. वाटलं तर माहितीपुस्तकातही टाकू. पेटीच्या तोंडाला कुंकू लावू नये."

बोलणं बरोबर होतं. मी येताना वाटेत ते वाक्य मनात जुळवत आले.

शेडमध्ये माग सुरू झाले होते. मालनताई पेटीसमोर उभ्या होत्या आणि ओल्या पदराने ते बटण पुसत होत्या. रबराच्या कडेला रोजचं कुंकू आणि सुताचे तंतू मिळून चिकटा बसला होता. तो त्या नखाने काढत होत्या.

"मॅडम," त्यांनी माझ्या कानाशी येऊन मोठ्याने सांगितलं, आवाजात तसंच बोलावं लागतं. "सोपं हाय की हो. मी लावायचं सोडते. एवढ्याशा गोष्टीपायी तुम्हाला पुण्यासनं यावं लागलं."

"चालेल तुम्हाला?"

"न चालायला काय झालं?" त्या पुसत राहिल्या. मग सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "तसं घरात मला कोण करंडा देत न्हाई आता. मीबी मागत न्हाई. हितं माझं मी लावायचे, कुणाचं कपाळ का असंना. तेवढंच सकाळी बोटाला कुंकू लागायचं." मग त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. "ही तुम्हीच न्या. उगं हितं सांडंल."

ते एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते बोलले नाही.

"डबी ठेवा जागेवर," मी म्हटलं. "दसऱ्याच्या आत सुधारलेली पेटी पाठवते. तोवर हिला नक्षी बदलाल त्या दिवशी जरा उशिरा लावा, 'थांबा' गेल्यावर. नवी आली की हवं तेव्हा लावा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग डबी लाकडी पट्टीमागे ठेवून दिली.

पुण्यात आल्यावर फडतरेशी भांडण झालं.

"एका बाईच्या कुंकवासाठी अख्खा बोर्ड कापायचा?"

"अख्खा नाही. बटणाची एक रेघ तोडायची आणि ती दुसरीकडे न्यायची. आता बटण दाबलं की प्रोसेसर धाडकन बंद पडतो, तसं नको. बटणाने आधी गाभ्याला कळवायचं. माझा ड्रायव्हर चिपचं पुसणं थांबवेल, तिला भानावर आणेल, आणि मगच पेटी नव्याने सुरू होईल."

"त्यापेक्षा बटणावर झाकण बसवतो. चार आण्याचं."

"नको."

"का नको?"

"फडतरे, तू ते बटण लाल का घेतलंस?"

"दुकानात लालच होती."

"आणि मधोमध का बसवलंस?"

"मधोमध बरं दिसतं." तो पेटीकडे बघत राहिला. पडदा, पडद्याखाली दोन्ही बाजूंना दोन बटणं, आणि पडद्याच्या वर मधोमध गोल लाल ठिपका. मग उठून सोल्डरिंगची कावी गरम करायला लावली. "च्यायला," तो म्हणाला, "मीच कपाळ काढून ठेवलंय की."

इनामदारांना मी सांगितलं की हा दोष उद्या कुठेही, कुणाच्याही हातून उघडा पडेल. ते खोटं नव्हतं. ते कुरकुरले आणि हो म्हणाले.

पेटी वेळेत पोचली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला.

"मॅडम, थोरलं चुलतसासरं येऊन गेलं. त्यांनी शेडमध्ये खंडेनवमीला स्वतःच्या हातानं पेटीला कुंकू लावलं. 'थांबा' आलं तवाच लावा म्हनलं मी त्यांना. भावजी बघत हुते, घाम फुटला त्यांस्नी."

"आणि?"

"डोळे मिटलं, उघडलं. किल्ली माझ्याकडंच हाय." मग, मागाच्या आवाजातून: "आज माझ्या हातनं बी लावलं. घेतलं हिनं."

पुढे उरलेल्या तिन्ही मागांना पेट्या बसल्या. पुढे आणखी काय काय झालं, आमची कंपनी गेली, फडतरे गेला, ती चिपही बाजारातून गेली. पण तो ड्रायव्हर मी तेव्हा लिनक्सच्या जाहीर गाभ्यात घालण्यासाठी पाठवला होता. इतरांनाही त्या चिपसाठी तो वापरता यावा म्हणून. असं काही पाठवलं की जगात कुठेतरी बसलेला एक जाणता माणूस ते वाचतो, खोट काढतो, प्रश्न विचारतो, आणि पटलं तरच आत घेतो. माझं काम वाचणारा कुठल्याशा थंड देशातला होता. कधी भेटला नाही. नेटका, थोडका लिहायचा.

सगळा ड्रायव्हर त्याला पसंत पडला. एका जागी मात्र अडला. पुसणं मध्येच थांबवून पेटी सुरक्षित पुन्हा सुरू करण्याचा जो भाग मी लिहिला होता, तो त्याला फाजील वाटला. त्याने विचारलं, पडद्यावर 'थांबा' असं लिहिलेलं असताना कुणी बटण का दाबेल?

मी लिहिलं, एक बाई रोज सकाळी दाबते.

त्याने विचारलं, तिला दाबू नका असं सांगता येणार नाही का?

देवाचं, घटांचं, करंड्याचं, सांगलीचं, काय काय लिहिता आलं असतं. शेवटी एवढंच लिहिलं: नाही.

त्याने पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो भाग आहे तसा आत घेतला.